अभिप्रायास उत्तर : लॅब्राडॉरचे पिल्लू आणि पाण्याची भीती

सप्रेम नमस्कार,

आमच्या केनेलला एक तारा देऊन आपण लिहिलेला अभिप्राय वाचला. पिल्लाच्या कानाच्या दुखण्यामुळे आपल्या घरी सर्वांना मनस्ताप झाला, त्याबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. पिल्लू ताब्यात देण्यास उशीर केला, पैसे जास्त घेतले, नंतर फोन उचलला नाही, आणि ‘पाण्याचा कुत्रा म्हणून विकलेले पिल्लू पाणी दिसताच पळते, ही सरळ फसवणूक आहे’, असे आपले म्हणणे आहे. पहिल्या तीन गोष्टींवर मतभेद असू शकतात. शेवटच्या आरोपावर मात्र गप्प बसणे आम्हाला परवडणारे नाही, कारण चौकशी करणारे प्रत्येक कुटुंब आमच्याकडे येण्यापूर्वी आता तोच वाचणार आहे.

उशिराविषयी थोडक्यात सांगतो. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वानप्रजनन व विक्रीविषयक नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. पस्तीस-चाळीस दिवसांची पिल्ले सर्रास दिली जातात, हे आम्हालाही ठाऊक आहे आणि बुकिंगच्या वेळी आपण त्याचाच दाखला दिला होता. परंतु आईपासून आणि भावंडांपासून लवकर तोडलेले पिल्लू दात किती जोराने लावावेत एवढेही नीट शिकत नाही आणि त्याचा त्रास पुढे मालकालाच होतो. किमतीत आईवडिलांच्या खुब्यांचे एक्स-रे, नोंदणी, मायक्रोचिप, जंतांचे औषध आणि पहिली लस धरलेली असते. याहून स्वस्त पिल्लू मिळते, हे आपले म्हणणे खरे आहे.

आता पाण्याविषयी. भेटीच्या दिवशी आम्ही आपल्याला या जातीची जी हकीकत सांगितली, तिला आपण ‘विक्रीसाठी रचलेली कहाणी’ म्हटले आहे. ती आम्ही रचलेली नाही. लॅब्राडॉर कुत्र्यांचे पूर्वज लॅब्राडॉर या प्रदेशातले नव्हेत, तर कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटावरचे. तिथल्या गार समुद्रात ते कोळ्यांबरोबर काम करत, जाळ्यातून निसटलेले मासे आणि दोर ओढून आणत. एकोणिसाव्या शतकात मासेवाहू जहाजांबरोबर ते इंग्लंडमधील पूल (Poole) नावाच्या बंदरात उतरले, शिकारीच्या शौकीन उमरावांनी त्यांची जोपासना केली आणि १९०३ मध्ये तिथल्या केनेल क्लबने या जातीला मान्यता दिली. पाणी आत झिरपू न देणारे दुहेरी केस, बोटांमधला पडदा आणि सुकाणूसारखी कामी येणारी जाड शेपटी हे सारे त्या कामातून आलेले आहे, आणि आपल्या पिल्लातही ते सगळे आहे.

पण शरीर पाण्याचे असणे आणि पाण्यावर विश्वास असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोदाकाठी जन्मलेला मुलगा काही पहिल्याच दिवशी रामकुंडात सूर मारत नाही. आमच्याकडे पिल्लांना सहाव्या आठवड्यापासून दुपारच्या उन्हात पसरट परातीत बोटभर पाणी ठेवून त्यात खेळू देतात. आपण दोनदा पाहायला आलात तेव्हा हेच पिल्लू त्या परातीत बसून राहिले होते आणि त्याचे फोटो आपणच काढले होते.

पिल्लू नेल्यानंतर आपण हौसेने आम्हाला एक व्हिडिओ पाठवला होता. त्याचा उल्लेख आपल्या अभिप्रायात नाही, म्हणून नाइलाजाने येथे करावा लागतो. डिसेंबरातली सकाळ, गंगापूर धरणाच्या फुगवट्याचा काठ, पाण्यावर अजून धुके, आणि जेमतेम नऊ आठवड्यांचे पिल्लू दोन्ही हातांनी उचलून खोल पाण्यात फेकलेले. ते धडपडत काठाला आले, कुडकुडत उभे राहिले आणि सगळे हसत होते. आठ ते दहा आठवड्यांच्या सुमारास पिल्लू विशेष बुजरे असते. त्या वयात बसलेली धास्ती लवकर जात नाही. असे पुन्हा करू नये, अशी विनंती आम्ही त्याच दिवशी कळवली होती.

कानाचेही मूळ तेथेच असावे. आपणच जोडलेल्या डॉक्टरांच्या कागदावर ओलाव्यामुळे झालेली बुरशी असे लिहिले आहे. या जातीचे कान लोंबते असतात, आत वारा खेळत नाही. म्हणून पाण्यातून आल्यावर ते कोरडे करावे लागतात. लसीकरण पूर्ण होईपर्यंत पिल्लाला तळ्या-धरणाच्या पाण्यात उतरवू नये, कारण उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) या रोगाचा जंतू अशा पाण्यात असू शकतो, हेही आम्ही दिलेल्या सूचनापत्रात पहिल्याच पानावर आहे.

फोन उचलला गेला नाही त्या रात्री आमची एक मादी विण्याला बसली होती आणि दोन पिल्ले अडली होती. यापुढे अशा वेळी कोणीतरी फोनवर राहील, असे पाहू, आणि सूचनापत्रही अधिक ठळक करू.

पिल्लाची धास्ती जाऊ शकते, असे आम्हाला अनुभवाने वाटते. एप्रिलमध्ये पाणी कोमट झाले की त्याला आमच्या शेततळ्यावर आणावे. आमची वयस्क मादी आधी उतरेल, पिल्लू काठावर मोकळे राहील, आणि ते आपणहून पाय ओले करेपर्यंत कोणीही त्याला हात लावणार नाही, एवढी एकच अट आहे. यासाठी काहीही शुल्क नाही. त्यानंतर अभिप्राय बदलावासा वाटला तर आनंदच होईल. येताना लसीकरणाचे कार्ड मात्र अवश्य आणावे, कारण सध्या आमच्याकडे लहान पिल्ले आहेत.