मीडियम फॉरमॅटच्या त्या मेसेजमधला एकेक दावा तपासून बघू या

लग्नसराई सुरू झाल्यापासून फोटोग्राफर मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. लातूर, परभणी, जालना, बीड, कुठल्याही ग्रुपवर गेलं तरी तोच. मजकूर थोडक्यात असा: मीडियम फॉरमॅट कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, नेहमीच्या फुल फ्रेम कॅमेऱ्याच्या जवळपास दुप्पट, म्हणून फोटो दुप्पट शार्प. त्याच्यासारखी मागची धूसरता दुसऱ्या कशातच येत नाही. १६ बिटमुळे २८१ लाख कोटी रंग मिळतात. अंधारात त्याचा हात कोणी धरू शकत नाही. जुन्या बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचे कॅमेरे, आता आवाक्यात आल्यात, तेव्हा लग्नाची कामं करणाऱ्या प्रत्येकाने आत्ताच घ्यावी, नाहीतर धंद्यातून बाहेर.

पैठणी आणि हिमरूच्या कॅटलॉगसाठी मी हाच कॅमेरा वापरते. तो मनापासून आवडतो, म्हणूनच या मेसेजचा राग येतो. तालुक्याच्या गावातली पोरं तो वाचून हप्त्यावर बॉडी घ्यायला निघाली आहेत आणि त्यांचं काम निराळं आहे.

पहिल्यांदा आकार. आज मीडियम फॉरमॅट म्हणून जे कॅमेरे आपल्या नजरेसमोर येतात, फुजीफिल्मची जीएफएक्स मालिका आणि हॅसलब्लाडची एक्स मालिका, त्यांचा सेन्सर ४३.८ × ३२.९ मिमी असतो. फुल फ्रेम ३६ × २४. क्षेत्रफळ १.६७ पट भरतं. पण तपशील मोजायचा तर लांबी-रुंदी बघावी लागते, आणि कर्ण ५४.८ विरुद्ध ४३.३ मिमी, म्हणजे जेमतेम सव्वापट. ‘मीडियम फॉरमॅट’ या नावाला जो मान आहे तो एकशेवीस नंबरच्या फिल्म रोलच्या दिवसांतून आलेला आहे. यशिका कॅमेऱ्याच्या ६ × ६ सेंमी निगेटिव्हचं क्षेत्रफळ ३५ मिमी फिल्मच्या साडेतीन पटींहून जास्त होतं, आणि जुन्या स्टुडिओतल्या काकांनी तो फरक डोळ्यांनी पाहिला आहे. आजच्या डिजिटलमध्ये एवढी उडी नाही. फेज वनचा ५३.४ × ४० मिमीचा सेन्सर आहे, पण त्याच्या किमतीत चांगली चारचाकी येते.

शार्पनेसबद्दल मेसेज एक गोष्ट सांगत नाही. ६१ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमचा, १०२ मेगापिक्सेलच्या जीएफएक्सचा आणि १५१ मेगापिक्सेलच्या फेज वनचा पिक्सेल एकाच मापाचा आहे, ३.७६ मायक्रॉन. मोठ्या सेन्सरमध्ये तेच पिक्सेल जास्त संख्येने बसतात, एवढंच. १०२ मेगापिक्सेलची फाइल ११६४८ × ८७३६, ६१ ची ९५०४ × ६३३६. उभ्या बाजूला फरक १.३८ पट, आडव्या बाजूला त्याहून कमी. फरक खरा आहे, पण तो कुठे दिसतो हे विचारलं पाहिजे.

लग्नाच्या अल्बममध्ये कुठे दिसेल? आपल्याकडच्या १२ × ३६ च्या शीटचं एक पान १२ × १८ इंच. ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, त्याला ५४०० × ३६०० पिक्सेल लागतात, म्हणजे साडेएकोणीस मेगापिक्सेल. साध्या २४ मेगापिक्सेल बॉडीत ते भागतं. एकच फोटो दोन्ही पानांवर सलग पसरवला तर मात्र २४ मेगापिक्सेलला इंचाला १६७ पिक्सेलच उरतात आणि मोठी फाइल तिथे सरस ठरते. अशी शीट अल्बममध्ये असतात किती, ते प्रत्येकाने आपापला अल्बम उघडून बघावं. फ्लेक्सचं म्हणाल तर वीस फूट रुंद बॅनरवर ६००० पिक्सेल पसरले की एक पिक्सेल साधारण एक मिलिमीटरचा होतो. पन्नास फुटांवर उभ्या माणसाच्या डोळ्याला साडेचार मिलिमीटरपेक्षा बारीक काही वेगळं ओळखू येत नाही. वाढदिवसाच्या बॅनरसाठी १०२ मेगापिक्सेल हवेत असं कोणी सांगितलं तर त्याला हा हिशोब दाखवा.

धूसरतेचा दावा तर सरळ चुकीचा आहे. जीएफएक्सची पोर्ट्रेटसाठी गाजलेली लेन्स ११० मिमी एफ/२ (एफचा आकडा लहान, तेवढं लेन्सचं छिद्र मोठं). फुल फ्रेमच्या भाषेत ती ८७ मिमी, एफ/१.६ च्या आसपास पडते. फुल फ्रेमवर ८५ मिमी एफ/१.४ सर्रास मिळते, एफ/१.२ सुद्धा आहे. छिद्राचा व्यास काढा: ११० भागिले २ म्हणजे ५५ मिमी, ८५ भागिले १.२ म्हणजे ७१ मिमी. एकाच चौकटीत एवढाच चेहरा बसवला, तर मागचं जास्त विरघळवते ती फुल फ्रेमवरची ८५. जीएफएक्सच्या त्या लेन्सची प्रतिमा सुंदर आहे, पण ते त्या भिंगाचं कौतुक आहे.

अंधाराचा मुद्दा जरा सावकाश घेऊ, कारण त्यात अर्धं सत्य आहे. एकच एफ नंबर, एकच शटर ठेवलं तर मोठा सेन्सर १.६७ पट प्रकाश गोळा करतो, म्हणजे पाऊण स्टॉपचा फायदा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). आता मंगल कार्यालयाच्या स्टेजवर दोन रांगांत वऱ्हाड उभं आहे आणि पुढची मावशी नि मागचा भाचा दोघंही फोकसमध्ये हवेत. फुल फ्रेमवर एफ/५.६ ने जेवढी खोली मिळते तेवढी मिळवायला मीडियम फॉरमॅटवर एफ/७.१ लावावं लागतं. शटर तेच ठेवायचं तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची संवेदनशीलता, तेवढाच वर न्यावा लागतो, आणि तो पाऊण स्टॉप तिथेच संपतो. फायदा उरतो तो विषय हलत नसेल आणि कॅमेरा तिपाईवर असेल तेव्हा. मग आयएसओ १०० वर हवी तेवढी सेकंदं उघडं ठेवता येतं आणि मोठा सेन्सर खरोखर जास्त प्रकाश भरून घेतो.

याचं आपल्या दारातलं उदाहरण म्हणजे अजिंठा. चित्रं असलेल्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही, तिपाई लावायची तर पुरातत्त्व खात्याची परवानगी काढावी लागते, उजेड मंद. ती परवानगी हातात असेल तर मीडियम फॉरमॅटसारखा कॅमेरा नाही. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून वर्षानुवर्षं केलेल्या इथल्या भित्तिचित्रांच्या बहुतेक प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. नंतर मुंबईच्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन तिथल्या जॉन ग्रिफिथ्सने केलेल्या प्रतींपैकी बऱ्याच १८८५ च्या आगीत जळाल्या. दोनदा हात पोळलेल्या या वारशाची नोंद जितकी बारीक होईल तितकी हवी, आणि तिथे मेगापिक्सेलचा कंजूसपणा नको, असं मला ठामपणे वाटतं.

रंगांच्या आकड्याचं गणित बरोबर आहे. १६ बिट म्हणजे प्रत्येक रंगाच्या ६५,५३६ पायऱ्या, तिन्हींचा गुणाकार २८१ लाख कोटी. १४ बिटच्या १६,३८४. पण सेन्सरच्या खालच्या पायऱ्यांवर बहुतेक नॉइजच (दाणेदार खळखळ) असतो, आणि लॅबला जाणारी जेपीईजी ८ बिटची असते, म्हणजे १ कोटी ६७ लाख रंगांची. वधूच्या शालूचा रंग चुकतो तो बहुधा स्टेजवरच्या जांभळ्या एलईडीमुळे. पैठणीची जांभळट छटा बरोबर यावी म्हणून मी चांगल्या प्रतीचा उजेड, कलर चार्ट आणि त्यावरून केलेलं प्रोफाइल वापरते. ही तिन्ही साधनं कुठल्याही कॅमेऱ्याला लागू आहेत.

पैठणीवर आलेच आहे तर या कॅमेऱ्याने मला काय दिलं तेही सांगते. ४५ इंच पन्ह्याचा पदर एका फ्रेममध्ये घेतला तर १०२ मेगापिक्सेलवर इंचाला २५९ पिक्सेल येतात, २४ वर १३३. विणकराने कुठे धागा बदलला, जरीची तार कुठे वळली, हे घरबसल्या घेणाऱ्याला दिसतं आणि साडीला तिची किंमत मिळते. पण याच कापडावर कॅमेऱ्याचा त्रासही दिसतो. पदर सपाट पसरून वरून फोटो घेताना काठाजवळ, जिथे जरीची वीण दाट आणि एकसारखी असते, तिथे हिरव्या-गुलाबी लहरी उठतात. कापडावर त्या नसतात. धाग्यांमधलं अंतर पिक्सेलच्या अंतराशी जुळत आलं की हा मोआरे येतो, आणि या कॅमेऱ्यांत सहसा बारीक तपशील जरासा मऊ करणारा लो-पास फिल्टर नसल्याने तो जास्तच छळतो. मग कॅमेरा वीतभर वर-खाली करायचा, थोडा तिरका करून बघायचा, तरी जात नसेल तर एफ/१६ लावून वीण जराशी मऊ करायची. एका साडीवर अर्धा तास जातो. साडी तोवर जागची हलत नाही.

अंतरपाट मात्र थांबत नाही. शेवटचं ‘सावधान’ झालं की पडदा खाली, अक्षता वर, हार गळ्यात. मेसेजमध्ये ज्या ‘आवाक्यातल्या’ बॉडी सांगितल्यात, जीएफएक्स ५०एस, ५०आर, हॅसलब्लाड एक्स१डी, त्या सगळ्या ५१ मेगापिक्सेलच्या. त्या पिढीचा सेन्सर २०१४ च्या पेंटॅक्स ६४५झेडपासून चालत आलेला. त्यांचं फोकस कॉन्ट्रास्ट पद्धतीचं, ते पुढे-मागे शोधत राहतं. ५०एस सेकंदाला तीन फ्रेम देतो, व्हिडिओ फक्त फुल एचडी. सायलेंट मोड लावाल तर सेन्सर वाचून व्हायलाच इतका वेळ लागतो की एलईडीच्या उजेडात फोटोवर पट्टे उमटतात. १०२ मेगापिक्सेलच्या बॉडीत फेज डिटेक्शन, म्हणजे असं न चाचपडता थेट जागी जाणारं फोकस, आलं, २०२३ च्या जीएफएक्स १०० टूमध्ये सेकंदाला आठ फ्रेम आणि ८के व्हिडिओही आला, पण त्या बॉडीला कोणी आवाक्यातली म्हणणार नाही. शिवाय १६ बिटची एक अनकंप्रेस्ड रॉ फाइल (कॅमेऱ्यातली कच्ची, न दाबलेली फाइल) २०० एमबीच्या घरात. तीन हजार फोटोंचं लग्न म्हणजे सहाशे जीबी, आणि बॅकअपसह दुप्पट.

आणखी एक फायदा आहे, तो मेसेज लिहिणाऱ्याच्या ध्यानातच आलेला नाही. हॅसलब्लाडच्या एक्ससीडी लेन्समध्ये शटर लेन्सच्या आत असतं, त्यामुळे १/२००० सेकंदालाही फ्लॅश जुळतो. जायकवाडीच्या काठावर भर दुपारी प्री-वेडिंग करताना आभाळ गडद ठेवून जोडप्यावर फ्लॅश टाकायचा असेल तर हे वरदान आहे. जीएफएक्समध्ये मात्र फ्लॅश १/१२५ पर्यंतच जुळतो, फुल फ्रेमच्या १/२०० किंवा १/२५० पेक्षाही खाली. म्हणजे ‘मीडियम फॉरमॅट’ या एका नावाखाली दोन अगदी वेगळी हत्यारं आहेत, आणि मेसेज दोघांना एकाच गोणीत भरतो. त्याच जायकवाडीवर रोहित पक्षी टिपायचे असतील तर दोन्ही सोडा. जीएफएक्सची सगळ्यात लांब लेन्स ५०० मिमी, तीही २०२४ मध्ये आली, आणि ती फुल फ्रेमवरच्या ४०० एवढंच जवळ आणते.

राहिला धंद्यातून बाहेर पडण्याचा धाक. मराठवाड्यात सोयाबीन-कापसाचा भाव पडला की लग्नखर्चातली पहिली कात्री फोटोवाल्याच्या रकमेला लागते, हे या धंद्यातल्या कोणाला सांगायला नको. अशा वर्षी हप्ता थांबत नाही. बॉडी बिघडली तर दुरुस्तीला पुणे-मुंबई गाठावी लागते, आणि दुसरी बॉडी नसेल तर तेवढ्या तारखा हातच्या जातात. ज्याच्याकडे एक चांगली फुल फ्रेम आहे त्याने आधी दुसरी फुल फ्रेम घ्यावी, मग दोन फ्लॅश. आणि सराफाचा, विणकराचा, एखाद्या संग्रहालयाचा कॅटलॉग हाती आला तर मीडियम फॉरमॅट त्या दिवसांपुरता भाड्याने आणावा, भाडं कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लिहावं. अशी कामं वर्षभर सलग यायला लागली की बॉडी विकत घ्यायचा हिशोब करायला बसावं, आणि तेव्हा त्याची किंमत जड वाटणार नाही.