आईंची गोळी

जुलैमधला एक रविवार. आईंचं कपाट आवरत होते (आई म्हणजे माझ्या सासूबाई). पावसाची ओल कपड्यांना लागलीय का बघावं म्हणून साड्या बाहेर काढल्या, तर घडीखाली रक्तदाबाच्या गोळ्यांची तीन पाकिटं निघाली. एकही गोळी काढलेली नव्हती. नवरा दर महिन्याला औषधं आणून देतो, आई "घेते हो" म्हणतात आणि आम्ही दोघं निर्धास्त असतो.

संध्याकाळी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. रक्तदाब १७०/१०० निघाला. गोळ्या का बंद केल्यात, असं डॉक्टरांनी विचारल्यावर आई आधी माझ्याकडे बघायला लागल्या. मग हळूच म्हणाल्या, "ती गोळी घेतली की सारखं लघवीला जावं लागतं. पोराला एकट्याला टाकून किती वेळा जायचं? तो आता सगळीकडे चढतो."

धाकटा दीड वर्षाचा आहे. तो सोफ्यावरून खिडकीच्या कट्ट्यावर चढतो, ग्रिलला धरून उभा राहतो. आमचं घर नवव्या मजल्यावर आहे. आईंनी हिशेब केला होता, आणि त्या हिशेबात स्वतःची गोळी वजा केली होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून हे लिहायचं होतं.

आम्ही ठाण्यात वाघबीळला राहतो. मी ऐरोलीला नोकरी करते, नवरा अंधेरीला. सकाळी पावणेआठला मी घर सोडते. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या खांबांमधून रिक्षा कधी वीस मिनिटांत स्टेशनला पोचवते, कधी पन्नास. मग ट्रान्स-हार्बरची गाडी. संध्याकाळी परत घरात पाय टाकेपर्यंत पावणेआठ. म्हणजे बारा तास. मोठी पाच वर्षांची, ती साडेबाराला शाळेच्या व्हॅनने येते. तिला खाली घ्यायला जायचं तर धाकट्याला कडेवर घेऊन लिफ्टने उतरायचं आणि तिचं दप्तर दुसऱ्या खांद्यावर टाकून वर यायचं. आई चौसष्ट वर्षांच्या आहेत. डावा गुडघा दुखतो, हे मला माहीत होतं. तो या कामासाठी किती वापरला जातोय, याचा विचार मी केला नव्हता.

त्या कोकणातल्या लांज्याहून आल्या त्या मोठीच्या बाळंतपणाला. तीन महिने राहणार होत्या. सासरे त्याआधीच गेले होते. माझी रजा संपत आली तेव्हा नवऱ्याने त्यांना थांबायचं का विचारलं होतं का, हे मी त्याला आत्ता विचारलं. त्याला आठवेना. मलाही आठवेना. त्या राहिल्या, एवढंच. गावचं घर बंद आहे, शेजारच्या काकी संध्याकाळी तिथे दिवा लावतात.

या घरात सुख नाही असं मी म्हणत नाहीये. उलट मला वाटतं, आमच्या मुलांना जे मिळालंय ते पैशाने मिळणारं नाही. मोठी एका मोठ्या टॉवरच्या बागेत उभी राहून मैत्रिणीला "नको गो, पडशील" म्हणते, अगदी लांज्याच्या हेलात. धाकट्याला ताप आला की कपाळावर पट्ट्या ठेवत, कसलीतरी ओवी पुटपुटत आई रात्रभर बसतात, आणि तो त्या आवाजाने शांत होतो, माझ्या आवाजाने नाही. सुरुवातीला याचं मला वाईट वाटायचं. आता वाटत नाही. पेज, मऊ भात नि मेतकूट, नाचणीचं सत्त्व, सगळं त्यांनी भरवलं. शनिवारी संध्याकाळी आम्ही पाचही जण उपवनला जातो. तळ्याच्या काठावर मुलं कणसाला लिंबू-मीठ लावून खातात, आई दाण्यांची साल काढून धाकट्याला एकेक दाणा देतात. त्या वेळी मला खरंच काही कमी आहे असं वाटत नाही.

आणि मग सोमवार येतो.

मी स्वतः काय केलंय तेही सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की वर्षाच्या मुलाला मोबाइल, टीव्ही दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराहून जास्त नको. मी ते वाचलं आणि आईंना सांगितलं. एकदा नाही, तीनचार वेळा. एकदा तर ऑफिसातून फोन केला, मागे टीव्हीचा आवाज आला आणि मी चिडले. सल्ला बरोबरच आहे, मी आजही तो मानते. पण दीड वर्षाच्या मुलाला बारा तास पडद्याशिवाय सांभाळायचं म्हणजे एका माणसाने बारा तास त्याच्यामागे जागं राहायचं. तो माणूस मी नव्हते. सल्ला माझा आणि गुडघे त्यांचे.

ऑफिसात कुणी विचारलं की मी सहज सांगायचे, "सासूबाई आहेत ना घरी." समोरचा म्हणायचा, "नशीबवान आहेस." आहेच मी नशीबवान. पण आपल्या दोघांच्या पगारांवर चालणाऱ्या या शहरातली कितीतरी घरं एका बाईच्या म्हातारपणावर उभी आहेत, आणि आपण त्याला नशीब म्हणतो. तिला पगार नाही, रविवार नाही, राजीनामा देता येत नाही. कारण ती आजी आहे. ती प्रेमाने करते, हे शंभर टक्के खरं. म्हणूनच ती गोळ्या लपवते.

कायद्याकडे बघितलं तर आणखी राग येतो. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी प्रसूती रजा २६ आठवडे झाली, ही मोठी गोष्ट, माझ्या आधीच्या बायकांना १२ आठवडेच मिळायचे. पण २६ आठवडे संपतात तेव्हा मूल जेमतेम सहा महिन्यांचं असतं, नेमकं वरचं अन्न सुरू करायच्या दिवसांत. त्याच दुरुस्तीत ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायला हवं, असंही आहे. आमच्या ऑफिसात पाचशेच्या वर माणसं आहेत. मी विचारलं तेव्हा "एका पाळणाघराशी करार आहे" असं सांगून जो पत्ता दिला तो ऑफिसपासून इतका लांब होता की चार वेळा काय, एकदा जाऊन आले असते तरी जेवणाची सुट्टी संपली असती. मी तेव्हा भांडले नाही. घरी आई होत्या ना. प्रत्येक घरातली आजी अशी ऑफिसांचीही सोय करते.

आणि बाप? केंद्र सरकारच्या नोकरीत त्याला १५ दिवस रजा आहे. खासगी नोकरीत कायद्याने एक दिवसही नाही. धाकटा झाला तेव्हा नवऱ्याने स्वतःच्या सुट्टीतले पाच दिवस घेतले, सहाव्या दिवशी तो अंधेरीच्या गाडीत होता. बाळाचे कपडे, दुपटी, माझं जेवण, मोठीची शाळा, सगळं पुन्हा आईंकडे.

आता काय बदललंय ते सांगते, कारण नुसतं रडून उपयोग नाही. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. खिडकीच्या कट्ट्याला जाळी बसवली, ती वर्षभरापूर्वीच बसवायला हवी होती. धाकटा आता सकाळी नऊ ते एक शेजारच्या बिल्डिंगमधल्या ताईंच्या पाळणाघरात जातो, महिन्याला साडेपाच हजार. आईंना हे आवडलं नाही. "मी जिवंत असताना पोरगं परक्याकडे?" म्हणून दोन दिवस नीट बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या एकट्या भाजी आणायला गेल्या आणि दीड तासाने आल्या. खाली त्यांना राजापूरच्या एक आजी भेटल्या होत्या. मोठीला व्हॅनमधून उतरवून घ्यायला आता इमारतीतल्या एका मुलीला थोडे पैसे देतो. रविवारी दुपारपर्यंत स्वयंपाक आणि मुलं नवऱ्याकडे. तो भात मऊ करतो, आई काही बोलत नाहीत, पण ताटात मेतकूट जरा जास्त वाढून घेतात.

आणि मी त्यांना पहिल्यांदाच विचारलं, तुम्हाला काय हवंय? बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "घर उघडून झाडायचंय गो. ओटीवर दोन रात्री झोपायचंय."

गणपतीच्या गर्दीआधी त्या पंधरा दिवस गावी जातायत. येत्या शनिवारी रात्री खोपटहून एसटी आहे. २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणून भावजयीलाही बरोबर नेणार, असं त्यांनीच ठरवून टाकलंय. पिशवीत गोळ्यांचं पाकीट मी भरलंय, वरच ठेवलंय.

पहिल्या आठवड्यात सोमवार ते बुधवार नवरा घरी, गुरुवार-शुक्रवार मी. दुसऱ्या आठवड्याचं अजून जमलेलं नाही. वाघबीळ, आनंदनगर, कासारवडवली या बाजूला दीड वर्षाच्या मुलाला संध्याकाळी आठपर्यंत ठेवून घेणारं चांगलं पाळणाघर कुणाला माहीत असेल तर कृपया सांगा. स्वतःचं मूल ठेवलेलं असेल तर फारच बरं.