धरणाची वीज सरसकट स्वच्छ नसते
लेखात जलविद्युत म्हणजे शून्य कार्बन असं लिहिलंय ते मला पटलं नाही. ब्राझीलमधलं बाल्बिना धरण बघा, अ‍ॅमेझॉनच्या जंगलात १९८० च्या दशकात बांधलं, सव्वादोन हजार चौरस किमीच्या वर जंगल बुडवलं आणि क्षमता फक्त २५० मेगावॅट. झाडं तशीच पाण्यात सडली, तळाला ऑक्सिजन नाही म्हटल्यावर मिथेन तयार होतो, आणि टर्बाइनला खोलवरचं पाणी जातं ना, ते बाहेर पडल्यावर दाब एकदम कमी होतो आणि त्यातला बराचसा गॅस हवेत. मिथेन १०० वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस-तीस पट तापवतो!

आमच्याकडे उजनीच्या बॅकवॉटरला मे महिन्यात पाणी मागं सरकलं की काठावरच्या काळ्या गाळात काठी खुपसा, बहुतेक मिथेनचेच बुडबुडे बुडबुड वर येतात, सडका वासही येतो. पुणे-पिंपरीचं सांडपाणी भीमेतून इथंच येऊन साठतं, त्यावर जलपर्णी माजते, ती मेली की परत गाळातच. सोलापूरला धरण हवंच, उसापासून प्यायच्या पाण्यापर्यंत सगळं त्याच्यावर आहे, पण निदान वरच्या शहरांनी सांडपाणी पूर्ण शुद्ध करून सोडावं आणि जलाशयातला मिथेन नियमित मोजावा एवढं तरी करा.