लोणावळ्याच्या बंगल्यातल्या डेकबद्दल

नमस्कार सर,

'बुरशी लागणारच नाही म्हणून डब्ल्यूपीसी डेक गळ्यात मारला, पहिल्याच पावसाळ्यात काळा पडला, आणि तुमच्याच माणसाने सांगितलेल्या ब्लीचने रंग उडाला,' असं लिहून तुम्ही दोन स्टार दिलेत. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

'मेन्टेनन्स-फ्री' हा शब्द आमच्या शोरूममधल्या मुलाने वापरायला नको होता. डब्ल्यूपीसी म्हणजे लाकूड आणि प्लॅस्टिक मिसळून केलेली फळी; तिच्यात साधारण निम्मा लाकडाचा भुसा असतो, बाकी प्लॅस्टिक. साध्या लाकडासारखी ती लवकर कुजत नाही. पण वर बसलेली धूळ, परागकण, कुजलेला पाचोळा यावर बुरशी धरतेच, आणि लोणावळ्यात जून ते सप्टेंबर डेक वाळतो कधी? कॅपवाल्या, म्हणजे वरून प्लॅस्टिकचं आवरण असलेल्या फळीवर ती वरच्यावर राहते, पुसली की जाते. तुमची फळी बिनकॅपची, त्यात ओल भुशापर्यंत पोचते. दर सांगताना हा फरकही सांगायला हवा होता.

मंगळवारी मी स्वतः येऊन पाहिलं. केअरटेकरने कुंड्या उचलल्या, तर प्रत्येकीखाली काळं कडं. फटींत जांभळाची पानं इतकी गच्च बसली होती की हॅक्सॉचं पातं घालून ओढावी लागली. पाणी निथळायची वाटच बंद! पण मोठी चूक आमची: दिसायला छान म्हणून समोरची बाजू पट्टी मारून बंद केली आणि खालून वारा खेळायला जागा ठेवली नाही.

क्लोरीनवालं ब्लीच आता नको. एका कोपऱ्यात मी सोडियम परकार्बोनेट, म्हणजे ऑक्सिजन ब्लीच, कोमट पाण्यात कालवून लावलं, पंधरा मिनिटं ओलं ठेवलं, फळीच्या रेघेच्या दिशेने नायलॉनच्या ब्रशने घासलं आणि भरपूर पाण्याने धुतलं. ठिपके गेले, रंग राहिला. फोटो तुम्हाला पाठवलाय.

पायऱ्यांजवळच्या दोन फळ्यांवर मात्र कुणीतरी प्रेशर वॉशर अगदी जवळून मारलाय. हात फिरवला तर लव लागते. त्या वॉरंटीत बसत नाहीत, स्पष्टच सांगतो.

बाकी खर्च आमचा. पट्टी काढून जाळी लावू, डेक धुऊन देऊ, रंग उडालेल्या सहा फळ्या बदलू. नव्या फळ्या सुरुवातीला गडद दिसतील, काही महिन्यांच्या उन्हात मिसळून जातील. कुंड्यांना पायाचे स्टँड घ्या आणि काथ्याचं पायपुसणं पावसाळ्यात आत ठेवा.

दोन दिवस उघडीप मिळाली की माणसं पाठवतो. गेटची किल्ली केअरटेकरकडे असू द्या.