प्रशिक्षण झालं, फोटो काढले!

नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेची, चाहूल लागली की कॉलेजला शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण आठवतं. अहवालात कार्यक्रमांची संख्या दाखवायची असते ना! मग लॅब असिस्टंटला दोन तास ‘ताणतणाव व्यवस्थापन’. बॅनर, सर्टिफिकेट, वडा-चहा.

अहो, ताण येतो कुठून ते बघा की! स्टाफरूममध्ये कुणीतरी घरचा वायफाय राउटर आणतं, कॉलेजची वायर वॅनऐवजी (बाहेरचं नेट आत घ्यायचा पोर्ट) लॅन पोर्टात (आतली मशीन जोडायचा) खुपसतं. तो राउटर लॅबभर स्वतःचेच १९२.१६८.०चे आयपी (नेटवर्कवरचे) पत्ते वाटत सुटतो आणि ऐन ऑनलाइन परीक्षेत निम्मे पीसी गायब. नवा पोरगा बिचारा एकेक मशीन फॉरमॅट करत बसतो. शेजारी बसवून त्याला दाखवलंय कुणी? ‘आयपीकॉन्फिग ऑल’ ही कमांड मारायची, डीएचसीपी सर्व्हरचा, म्हणजे आयपी वाटणाऱ्याचा, पत्ता बघायचा. आपला नसेल तर ‘एआरपी’ कमांडने त्याचा मॅक (हार्डवेअरचा पत्ता) काढायचा, सगळ्या वायरी जोडणाऱ्या स्विचच्या मॅक टेबलात पोर्ट शोधून बंद करायचा. बस्स. स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग (आयपी वाटणाऱ्या परक्या यंत्राला अडवणारी सोय) चालू करून फक्त सर्व्हरकडचा अपलिंक पोर्ट ट्रस्टेड (विश्वासाचा) ठेवला, तर तीही धावपळ नको.

पण हे येणारा जुना माणूस रिटायर होतो, पासवर्डची वही बॅगेत टाकून. त्याच्या जागी कोण? अकरा महिन्यांचा कंत्राटी, तोही निरोप समारंभानंतर तीन महिन्यांनी.