तो गाळ पाण्यातला नव्हे, कांडीतला

पाणी शुद्ध करण्याची यंत्रे विकणाऱ्यांचे एक प्रात्यक्षिक आणि त्याच्या चित्रफिती आता घरोघरी पोचल्या आहेत. एका पेल्यात नळाचे पाणी, दुसऱ्यात आरओचे पाणी घेऊन दोन्हींत धातूच्या कांड्या बुडवतात आणि वीज सोडतात. थोड्याच वेळात नळाचे पाणी हिरवट, मग तपकिरी होऊन त्यात गाळ तरंगू लागतो. आरओचे पाणी मात्र नितळ राहते. सोबत रंगांचा तक्ता असतो: हिरवा गाळ म्हणजे तांबे किंवा आर्सेनिक, पांढरा म्हणजे शिसे किंवा जस्त, काळा म्हणजे जड धातू. विजेने पाण्यातले धातू वेगळे काढले आणि रंगावरून ते ओळखले, असा हा दावा आहे.

पहिला प्रश्न गाळ कुठून आला हा. त्या कांड्यांपैकी एक लोखंडाची असते. वीज वाहू लागली की धनाग्र (विजेच्या धन टोकाला जोडलेली कांडी) असलेले लोखंड झिजून त्याचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, पाण्यात उतरतात. ऋणाग्रापाशी, म्हणजे ऋण टोकाच्या कांडीपाशी, हायड्रोजनचे बुडबुडे सुटून हायड्रॉक्साइड तयार होते आणि दोन्ही मिळून आयर्न हायड्रॉक्साइडचा अवक्षेप, म्हणजे न विरघळणारा साका, बनतो. तो आधी हिरवट असतो आणि पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनमुळे गंजाच्या रंगावर जातो. तक्त्यातला ‘तांब्याचा’ हिरवा रंग बहुधा हाच. असा गाळ पाण्यातले थोडेफार इतर पदार्थ स्वतःला चिकटवून घेतो हे खरे आहे, सांडपाणी शुद्ध करताना त्याचा उपयोगही करतात. पण डोळ्यांना दिसते ते मुख्यतः कांडीचे लोखंड असते. पुष्कळ प्रयोग झालेली कांडी निरखून पाहावी, ती खडबडीत आणि बारीक झालेली असते.

रंगावरून धातू ओळखण्याची गोष्ट तर रसायनशास्त्राच्या साध्या प्रात्यक्षिकालाही धरून नाही. शिसे, तांबे, पारा, निकेल आणि कोबाल्ट या सर्वांचे सल्फाइड काळेच असते. ॲल्युमिनिअम, जस्त आणि मॅग्नेशिअम यांचे हायड्रॉक्साइड पांढरेच. म्हणूनच बारावीचा विद्यार्थीसुद्धा ‘काळा साका आला’ एवढ्यावर थांबत नाही. तो कोणत्या परिस्थितीत आला हे पाहतो. द्रावणात प्रथम विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घातले की चांदी, शिसे आणि एकसंयुजी पारा खाली बसतात, बाकीचे गाळून पुढे जातात. मग त्याच आम्लयुक्त द्रावणातून हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे तो सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू, सोडतात. आम्लामुळे सल्फाइड आयनांचे प्रमाण इतके कमी राहते की तांब्यासारख्या, ज्यांचे सल्फाइड अत्यंत अविद्राव्य आहे, त्याच धातूंचा अवक्षेप येतो. जस्त द्रावणातच राहते आणि पुढे अमोनियाने माध्यम अल्कधर्मी केल्यावर पांढरे सल्फाइड होऊन बाहेर पडते. मधल्या टप्प्यात अमोनिअम क्लोराइड आणि अमोनिया घालून लोह, ॲल्युमिनिअम आणि क्रोमिअम यांचे हायड्रॉक्साइड काढतात. अमोनिअम क्लोराइड विसरले तर मॅग्नेशिअमही त्यांच्याबरोबर खाली येऊन सगळा घोळ होतो. फ्रेझेनिअस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८४१ साली अशी क्रमवार मांडणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. तिचे तत्त्व आजही तेच आहे.

अशा टप्प्यांतून धातूचा गट सापडल्यावरही निश्चितीची चाचणी उरतेच. शिशाचे पांढरे क्लोराइड उकळत्या पाण्यात विरघळते, चांदीचे विरघळत नाही. त्या गरम द्रावणात पोटॅशिअम आयोडाइड टाकून परीक्षानळी निवू दिली की पिवळ्याधमक चकत्या सोन्याच्या वर्खासारख्या चमकत खाली उतरतात. तेव्हा कुठे ‘शिसे आहे’ असे लिहिता येते. कांडीच्या यंत्रात यांतली एकही पायरी नाही.

आता प्रमाण पाहू. पाव लिटर पाण्यातून ०.१ अँपिअर वीज एक मिनिट वाहिली, तर फॅरडेच्या नियमाने (वाहिलेल्या विजेच्या प्रमाणात धातू विरघळतो) सुमारे १.७ मिलिग्रॅम लोखंड कांडीतून उतरते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. म्हणजे त्या मर्यादेवरच्या पाण्याच्या तेवढ्याच पेल्यात शिसे ०.००२५ मिलिग्रॅम असेल. उलट शिशाचे क्लोराइड थंड पाण्यात लिटरला सुमारे १० ग्रॅमपर्यंत विरघळते. मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागाइतकेही नसलेले शिसे असे नुसत्या डोळ्यांना गाळ होऊन दिसेल, हे शक्य नाही.

राहिले आरओचे नितळ पाणी. त्यात क्षार फार थोडे असतात, म्हणून वीज जवळजवळ वाहत नाही, कांडी झिजत नाही आणि गाळ बनत नाही. त्याच पेल्यात चिमूटभर मीठ ढवळून वीज पुन्हा सोडण्याची विनंती विक्रेत्याला करावी. तेही पाणी तपकिरी होते. आरओ यंत्र शिसे आणि आर्सेनिक बऱ्याच अंशी काढून टाकते हे मान्य, आणि जिथे ते दूषण आहे तिथे ते यंत्र उपयोगीच आहे. मात्र या प्रात्यक्षिकाचा त्या गुणाशी संबंध नाही. ऊर्ध्वपातित (वाफ करून थंड केलेल्या, क्षाररहित) पाण्यात मर्यादेच्या दहापट शिसे मिसळले, तरी एवढ्या अल्प आयनांनी वीज वाहणार नाही, आणि तो पेला या चाचणीत नितळ राहून ‘शुद्ध’ ठरेल.