‘लाकडी घर उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात उबदार’: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींच्या मोबाइलवर गेल्या थंडीपासून एक संदेश फिरतो आहे. पॅकिंगच्या जुन्या लाकडी पॅलेटपासून एका रविवारी, पाचशे रुपयांच्या आत, कुत्र्यासाठी बारमाही घर कसे करावे, हे त्यात सांगितले आहे. त्यातली विधाने थोडक्यात अशी: लाकूड मुळातच उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात उबदार असते; घर जितके ऐसपैस तितके कुत्रे सुखी; पॅलेटवर ‘एचटी’ असा शिक्का असल्यास वाळवीची चिंता नाही, आणि तरीही शंका वाटल्यास जळके ऑइल फासावे; छप्परासकट सगळे सांधे खिळ्यांनी कायमचे पक्के करावेत; आत गोणपाट अंथरावे. ग्वाल्हेरच्या लष्कर या भागातल्या आमच्या घराच्या चौकात चार वर्षांपूर्वी मी जवळजवळ याच रीतीने घर केले होते आणि त्यातले बहुतेक सल्ले स्वतःच्या हातांनी मोडीत काढले, म्हणून हे लिहितो आहे.

पहिले विधान सर्वांत गोड आणि सर्वांत घातक आहे. पत्र्याच्या किंवा सिमेंटच्या खोक्यापेक्षा लाकूड बरे, हे मान्यच आहे. परंतु लाकूड उष्णता निर्माण करत नाही आणि थंडावाही देत नाही, ते केवळ उष्णतेची ये-जा मंदावते. तेही किती, तर 12 मिलिमीटर जाडीचे प्लायवुड या बाबतीत जेमतेम 3 ते 4 मिलिमीटर थर्माकोलच्या बरोबरीचे ठरते. हिवाळ्यात अशा घरात जी ऊब साठते ती लाकडाची नसून कुत्र्याच्या अंगाची असते, कारण त्याच्या शरीराचे तापमान 38 ते 39 अंशांच्या आसपास राहते. मात्र मे महिन्यात, जेव्हा ग्वाल्हेरचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो, तेव्हाही त्या चार फळ्या कुत्र्याच्या अंगचीच उष्णता आत कोंडून ठेवतात. शिवाय कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकत तोंडातले पाणी वाफेवर घालवणे हाच त्याचा अंग निववण्याचा मुख्य उपाय, आणि बंद पेटीत ती वाफ कोंडली की तो उपायही निकामी होतो. आमचा भुऱ्या त्या उन्हाळ्यात घराकडे फिरकला नाही. जिन्याखाली पाण्याचे माठ ठेवतो तिथल्या ओलसर दगडी पटियेवर तो पोट टेकून चारी पाय पसरून दिवस काढत असे, आणि त्याला तिथून उठवून ‘त्याच्या’ घरात बसवण्याचा मी केलेला खटाटोप आठवला की आजही ओशाळायला होते.

ऐसपैसपणाविषयीचे विधान याच कारणाने टिकत नाही. माझे पहिले घर पाच फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद होते. तेवढी हवा एका मध्यम आकाराच्या गावठी कुत्र्याच्या अंगाने तापणे शक्य नव्हते, आणि जानेवारीच्या धुक्यात भुऱ्या घर सोडून बंबाच्या राखेशेजारी जाऊन निजत असे. आताचे घर तीन फूट लांब, दोन फूट रुंद आणि अडीच फूट उंच आहे. त्याला उभे राहता यावे, वळता यावे आणि अंग मुडपून निजता यावे, एवढी जागा पुरते. दार मान झुकवून आत शिरावे लागेल इतकेच ठेवले असून ते मधोमध नाही, एका कडेला आहे, म्हणजे वारा थेट निजण्याच्या जागेवर येत नाही. तोंड पूर्वेकडे आहे.

‘एचटी’ शिक्क्याविषयी गैरसमज अगदी सहज होतो. निर्यातीच्या मालासाठी वापरायचे लाकूड गाभ्यापर्यंत किमान 56 अंश तापमानाला सलग 30 मिनिटे तापवले, एवढाच त्या अक्षरांचा अर्थ. आत असलेली कीड त्याने मरते. नंतर जमिनीतून येणाऱ्या वाळवीला तो शिक्का वाचता येत नाही. (‘एमबी’ असा शिक्का असेल तर लाकडाला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते, ते पॅलेट घेऊच नये.) माझ्या घराचा तळ मातीला टेकलेला होता. दुसऱ्या पावसाळ्यानंतर एका फळीवर बोट वाजवले तेव्हा पोकळ आवाज आला, आणि पेचकस टेकवताच तो बिस्किटात शिरावा तसा आत गेला. वरचा रंग मात्र शाबूत होता. वाळवी उजेडात चालत नाही, मातीच्या नळ्या बांधत वर चढते. म्हणून घर विटांवर वीतभर उंच ठेवावे, म्हणजे त्या नळ्या वेळीच दिसतात आणि मोडता येतात.

जळक्या ऑइलबद्दल फार लिहिण्याची गरज नसावी. इंजिनातून काढलेल्या तेलात जड धातू आणि कर्करोगकारक द्रव्ये असतात, आणि कुत्रे लाकूड कुरतडते, अंग चाटते. बाहेरून पाण्यात मिसळणारा फिकट रंग द्यावा, आतले लाकूड कोरे ठेवावे. डांबरगोळ्याही आत टाकू नयेत. कुत्र्याने खाल्ल्यास त्या विषारी ठरतात.

सांधे कायमचे पक्के करण्याचा सल्ला देणाऱ्याने गोचीड पाहिलेली नसावी. रक्त पिऊन टम्म झालेली मादी कुत्र्याच्या अंगावरून गळून पडते आणि फळ्यांच्या फटीत शिरून हजारो अंडी घालते. खिळ्यांनी बंद केलेल्या छप्पराखाली ना ऊन पोहोचते ना ब्रश. छप्पर बिजागरीवर असावे किंवा चार स्क्रू काढले की उचलता यावे.

गोणपाट धुक्यात ओल धरते आणि सोडत नाही. त्याऐवजी ग्वाल्हेरजवळच्या डबरा गावाकडून येणारा भाताचा कोरडा पेंढा घालावा आणि ओल लागताच बदलावा.

राहिला बारमाहीपणा. होळीनंतर मी छप्पर उतरवतो, पेंढा काढून टाकतो, फळ्या घासून आठ दिवस उन्हात ठेवतो आणि घर गच्चीवरच्या खोलीत नेऊन ठेवतो. पावसाळ्यात भुऱ्या जिन्याखालीच राहतो. दिवाळीच्या साफसफाईत घर पुन्हा खाली उतरते, आणि पहिली थंडी पडेपर्यंत भुऱ्या त्याच्या छपरावर बसतो.